शिट्टी कोणाच्या हातात?

आपल्या मराठीत 'पंच' हा शब्द मोठा गमतीचा आहे. कबड्डीचा निकाल देणारा पंच, खो-खोत शिट्टी वाजवणारा पंच, क्रिकेटमध्ये बोट वर करणारा पंच. आणि गावात बांधावरून भांडण झालं की पारावर बसून निवाडा करणारा, तोही पंचच. पंचनाम्यावर सही करणारेही पंच. म्हणजे मैदानावरचा अधिकार आणि गावातला अधिकार यांना आपल्या भाषेनं एकाच खुंटीला टांगून ठेवलंय.

आता या शब्दाचं स्त्रीलिंगी रूप सांगा बरं. शिक्षकाची शिक्षिका होते, गायकाची गायिका होते, खेळाडू तर दोन्हीकडे चालतो. पंचाचं काय? 'महिला पंच' म्हणावं लागतं. शब्दाला शेपूट जोडल्याशिवाय बाई तिथे मावतच नाही. क्रियापद तर आणखी चुगलखोर. 'पंच निर्णय देतो' हे आपण इतक्या सहज म्हणतो की 'देते' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे फुटबॉल. आमच्या चंद्रपूरकडे फुटबॉल म्हटलं की लोक आधी नागपूर-कामठीकडे बोट दाखवतात, आणि ते बरोबरच आहे. नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन चळवळ उभी केली, त्यावर २०२२ मध्ये नागराज मंजुळेंचा 'झुंड' आला, तो तुम्ही बहुतेकांनी पाहिला असेल. पण खाणींच्या वसाहतींमधून, शाळांच्या मुरमाड मैदानांवरून आमच्याकडेही बॉल फिरतोच. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा पहाटे साडेपाचला, आणि पावसाळ्यात घोटाभर चिखलात.

तर माझी एक भाची आहे (नाव लिहीत नाही, ती वाचेल आणि रागावेल). शाळेपासून फुटबॉल खेळते, बरी खेळते. पण मागच्या वर्षीपासून तिच्या डोक्यात वेगळंच भरलंय. तिला खेळाडूपेक्षा रेफरी व्हायचंय. घरात हे जाहीर झालं तेव्हा तिच्या वडिलांनी पहिला प्रश्न विचारला, "शिट्टी वाजवून पोट भरते का?" आजीचा प्रश्न त्याहून खोल होता. "पण पोरं ऐकतील का तुयं?"

मला विचाराल तर या सगळ्या विषयाचं सार आजीच्या प्रश्नात आलं. बाकी सगळं तपशील.

बघा ना, बाईनं खेळावं हे आता आपल्याला पटलंय. निदान पटल्यासारखं आपण वागतो तरी. मुलगी पदक घेऊन आली की गावात मिरवणूक निघते, बॅनर लागतात, बॅनरवर सतरा पुढाऱ्यांचे फोटो आणि कोपऱ्यात मुलीचा. आमच्याच जिल्ह्याचं उदाहरण घ्या. मे २०१८ मध्ये चंद्रपूरच्या आश्रमशाळांमधल्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केलं, त्यात मनीषा धुर्वे ही मुलगी होती. काय अभिमान वाटला होता सगळ्यांना! वाटायलाच हवा. पण हिमालय चढणारी मुलगी कोणाला आज्ञा करत नाही. ती स्वतःशी आणि बर्फाशी झुंजते, आपण खालून टाळ्या वाजवतो. टाळ्या वाजवायला आपलं काही जात नाही.

रेफरीचं तसं नाही. बावीस जण पळताहेत, प्रत्येकाला वाटतंय आपलंच बरोबर, आणि मध्ये उभी असलेली एक व्यक्ती म्हणते, "नाही, फाऊल." झालं. फुटबॉलच्या नियमपुस्तकात एकूण सतरा नियम आहेत, त्यातला पाचवा रेफरीचा. त्याचा मथितार्थ इतकाच की खेळाबद्दल रेफरीचा निर्णय अंतिम. अंतिम! हा शब्द आपण बाईच्या बाबतीत किती वेळा वापरतो? स्वयंपाकात मीठ किती यापलीकडे?

गंमत म्हणजे फुटबॉलमध्ये रेफरीला हा अधिकार पहिल्यापासून नव्हता. आधी दोन्ही संघांचे एकेक पंच असायचे आणि रेफरी रेषेबाहेर उभा असायचा, पंचांचं एकमत झालं नाही तरच त्याला विचारायचे. १८९१ साली त्याला मैदानाच्या आत आणलं आणि निर्णय त्याच्या हाती दिला. म्हणजे सभ्य गृहस्थ आपापसात मिटवतील हा भ्रम इंग्रजांनाही सोडावा लागला. कोणाच्या तरी हातात शिट्टी द्यावीच लागते. मग ती कोणाच्या, एवढाच प्रश्न उरतो.

आणि तो सुटायला किती वेळ लागला बघा. ब्राझीलमध्ये १९४१ च्या एका सरकारी हुकुमानं बायकांना फुटबॉल खेळायलाच बंदी होती. तिथे लेआ कांपोस नावाच्या बाईनं १९६७ साली रेफरीचा अभ्यासक्रम पुरा केला. फुटबॉल महासंघ म्हणाला, बाईला परवाना मिळणार नाही. महासंघाचे प्रमुख होते जुआंव हावेलांज, जे पुढे १९७४ ते १९९८ अशी चोवीस वर्षं सगळ्या जगाच्या फुटबॉलचे, म्हणजे फिफाचे अध्यक्ष होते. कांपोसबाई थेट लष्करी राजवटीच्या राष्ट्राध्यक्षांपर्यंत गेल्या तेव्हा कुठे १९७१ साली त्यांना मान्यता मिळाली. शिट्टीसाठी चार वर्षं आणि राष्ट्राध्यक्षांची गाठ. आपल्याकडे जातीच्या दाखल्यालाही एवढं लागत नाही (अर्थात कधीकधी लागतं म्हणा).

पुढची पायरी चढायला आणखी कैक वर्षं. २००३ साली स्वित्झर्लंडच्या निकोल पेतिन्या यांनी युरोपातल्या पुरुषांच्या यूएफा कपाच्या पात्रता फेरीतला सामना घेतला. जर्मनीत बिबियाना श्टाइनहाउस, मूळच्या पोलीस अधिकारी, सप्टेंबर २०१७ मध्ये बुंडेसलीगाच्या सामन्यात उतरल्या. फ्रान्सच्या स्टेफनी फ्रापार्ट यांनी ऑगस्ट २०१९ मध्ये लिव्हरपूल-चेल्सी हा सुपर कपचा सामना घेतला, २०२० मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये उभ्या राहिल्या, आणि १ डिसेंबर २०२२ ला कतारमध्ये जर्मनी विरुद्ध कोस्टा रिका. पुरुषांच्या विश्वचषकातला बाईनं घेतलेला पहिला सामना. पहिला विश्वचषक झाला १९३० साली. ब्याण्णव वर्षं! इंग्लंडच्या प्रीमियर लीगला तर रेबेका वेल्च यांच्यासाठी डिसेंबर २०२३ उजाडावा लागला.

त्या कतारच्या सामन्यात सहायक रेफरीही दोघी बायकाच होत्या, ब्राझीलच्या नेउझा बाक आणि मेक्सिकोच्या कारेन दियास. म्हणजे ब्राझीलनं एकेकाळी जिला परवाना नाकारला, तिच्याच देशाची बाई विश्वचषकात झेंडा घेऊन उभी. जर्मनी ४-२ नं जिंकली आणि तरी स्पर्धेबाहेर पडली. दुसऱ्या दिवशी चर्चा जर्मनीच्या घसरणीची होती. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र रेफरीला कुठलं हवं?

आपल्याकडचं नाव घ्यायचं तर गोव्याला जायला हवं. गोव्याच्या मारिया रिबेलो या आधी भारताकडून खेळल्या, मग रेफरी झाल्या, आणि पुरुषांच्या राष्ट्रीय पातळीवरच्या व्यावसायिक लीगमध्ये रेफरी म्हणून उतरणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. गोव्याच्याच युवेना फर्नांडिस २०१६ साली जॉर्डनमध्ये झालेल्या सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात सहायक रेफरी होत्या. दोघीही गोव्याच्या, हा योगायोग नाही. जिथे गावोगावी चर्चच्या बाजूला फुटबॉलचं मैदान असतं, जिथे रविवारच्या सामन्यावर आठवडाभर वाद होतात, तिथे रेफरी तयार होतात. आधी खेळ रुजतो, मग पंच रुजतो.

क्रिकेटकडे पाहिलं तर आपल्या नवी मुंबईच्या वृंदा राठी आहेत. स्कोअरर म्हणून सुरुवात करून अंपायर झाल्या आणि जानेवारी २०२३ मध्ये पुरुषांच्या रणजी करंडकात उभ्या राहिल्या. त्याच फेरीत जननी नारायणन आणि गायत्री वेणुगोपालन याही होत्या. रणजी सुरू झाली १९३४ मध्ये. हिशोब तुम्हीच करा.

आता नेहमीचे आक्षेप. (आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे येऊन गेलेत, त्यामुळे उत्तरं तयार आहेत!)

पहिला आक्षेप, "बायकांना तेवढं पळवेल का?" सांगतो. फिफाच्या चाचणीत रेफरीला आधी ४० मीटरच्या सहा जोरकस धावा माराव्या लागतात. नंतर ७५ मीटर पळायचं, २५ मीटर चालायचं, असं ४० वेळा. म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकच्या दहा फेऱ्या. ते ७५ मीटर पुरुषांना १५ सेकंदांत आणि महिलांना १७ सेकंदांत पार करायचे असतात. पण बाईला पुरुषांचा सामना घ्यायचा असेल तर ती सवलत संपली. पुरुषांच्याच वेळेत पळून दाखवायचं. म्हणजे फ्रापार्टबाई त्या दिवशी मैदानात आल्या त्या कोणाच्या मेहेरबानीवर आलेल्या नव्हत्या. आक्षेप घेणाऱ्या काकांनी एकदा सकाळी हे करून पाहावं, दहा फेऱ्या राहू द्या, दोनच करा.

दुसरा, "मग बायकांनी बायकांचे सामने घ्यावेत की, पुरुषांत कशाला?" वरवर समजूतदार वाटतं. पण या धंद्यातली शिडी कुठे आहे ते बघा. जास्त सामने, जास्त मानधन, वरच्या श्रेणीच्या परीक्षा, निरीक्षकांची नजर हे सगळं पुरुषांच्या स्पर्धांत आहे. जिल्ह्यात मुलींच्या स्पर्धा वर्षात बोटावर मोजण्याइतक्या. तेवढ्यावर कोणी रेफरी घडत नाही. पोहणं शिकायला पाणी तरी लागेल ना?

तिसरा आक्षेप बोलला जात नाही, पण खरा तोच. "बाई चुकली तर?" अहो, चुकणारच! रेफरी चुकतात. पुरुष रेफरी चुकून चुकून तर व्हिडिओ बघणारा सहायक आणावा लागला. पण पुरुष चुकला की "हा रेफरी चुकला", आणि बाई चुकली की "बायकांना काय कळतं". त्याची चूक त्याची एकट्याची, तिची चूक मात्र सगळ्या जातीची. आणि कधीकधी तर चुकण्याचीही वाट पाहत नाहीत. जानेवारी २०११ मध्ये इंग्लंडमध्ये सियान मॅसी सहायक रेफरी होत्या. सामना सुरू होण्याआधीच टीव्हीवरचे दोन नावाजलेले समालोचक आपसात म्हणाले की हिला ऑफसाइड काय कळणार. माईक सुरू होता. सामन्यात बाईंनी ऑफसाइडचा एक अगदी बारीक निर्णय दिला, आणि फेरप्रक्षेपणात दिसलं की तो बिनचूक होता. समालोचकांची नोकरी गेली, मॅसी पुढे कित्येक वर्षं रेषेवर राहिल्या.

मला वाटतं बरोबरी आली हे ओळखायची खूण पहिला मान, पहिला पुरस्कार ही नाहीच. ज्या दिवशी एखादी रेफरी चुकीची पेनल्टी देईल आणि लोक तिला इतर कोणत्याही रेफरीइतकेच, त्याच शब्दांत बोलून घरी जातील, त्या दिवशी समजायचं की झालं. चांगल्यासाठी नाव काढणं सोपं आहे. साधारण असण्याची मुभा मिळणं अवघड.

आता मैदान सोडून जरा आमच्या मुलखाकडे या. कारण मला शिट्टीचा प्रश्न तिथेच जास्त बोचतो.

१९९३ मध्ये गडचिरोलीत दारूबंदी झाली. चंद्रपूरच्या बायका तीच मागत होत्या. २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत हजारो बायका पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ ला जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळानं ती उठवली. बंदी बरी की वाईट, हा वाद आज नको. अवैध दारू वाढली होती हेही खरं, आणि घराघरांत दोन पैसे उरत होते असं सांगणाऱ्या बायकाही मला भेटल्यात. माझा मुद्दा वेगळा आहे. बायकांनी पाय झिजवले, घोषणा दिल्या, सह्या गोळा केल्या. म्हणजे खेळल्या त्या. पण शिट्टी दोन्ही वेळा मुंबईत वाजली. सुरू करतानाही आणि थांबवतानाही.

उलट 'आडवी बाटली'चं मतदान बघा. वॉर्डातल्या किंवा गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर मत दिलं की दुकान बंद. तिथे बाईला नुसतं ओरडायची मुभा दिलेली नाही, निर्णय तिच्या हातात आहे. म्हणून तर त्या मतदानाच्या दिवशी गावात जे वातावरण असतं ते आमदारकीच्या निवडणुकीलाही नसतं. शिट्टी आपल्या हातात आहे हे कळलं की माणूस वेगळाच उभा राहतो.

ग्रामपंचायतीतही तेच. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. पण आपण सगळ्यांनी 'सरपंचपती' नावाचा प्राणी पाहिलाय. सही बाईंची, खुर्ची साहेबांची. शिट्टी तिच्या गळ्यात आणि फुंकतोय दुसराच! मैदानावर हे जमत नाही, हेच मला फुटबॉलचं आवडतं. नवरा, भाऊ, सासरा कोणीही रेषेच्या आत येऊ शकत नाही. नव्वद मिनिटं जे काय करायचं ते तिनंच. पळायचंही तिनंच, बघायचंही तिनंच, शिव्याही तिनंच खायच्या.

आणि असं नाही की आमच्या जंगलाला हे नवीन आहे. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावात ग्रामसभा सर्वसहमतीनं निर्णय घेते. बायकांना वगळून सहमती कशी होणार? ताडोबात महिला गाईड आहेत, वनरक्षक महिला आहेत. गाडीत बसलेल्या बड्या साहेबाला "खाली उतरू नका" असं एक गाईड मुलगी सांगते आणि साहेब गप बसतो. तिथे वाघ असतो म्हणून ऐकतो म्हणा. पण ऐकतो. एकदा ऐकायची सवय लागली की वाघ नसतानाही लागते, असा माझा भाबडा विश्वास आहे.

तर भाचीच्या बाबांच्या प्रश्नाकडे वळू. पोट भरतं का? खरं सांगायचं तर सुरुवातीला नाही भरत. जिल्हा पातळीवर सामन्याचं मानधन म्हणजे प्रवास आणि चहा-नाश्ता. राज्य संघटनेच्या परीक्षा द्या, लेखी, धावण्याची, मैदानावरची, मग श्रेणी वाढत जाते. अगदी फिफाचा बिल्ला मिळाला तरी तो एका वर्षाचा, दरवर्षी पुन्हा निवड. आपल्याकडच्या बहुतेक रेफरींना पोटासाठी दुसरी नोकरी करावी लागते. हे मी तिला लपवून सांगितलेलं नाही. पण मुलगा म्हणाला असता की मला रेफरी व्हायचंय, तर आपण म्हटलं असतं, "कर, नोकरीसोबत छंद म्हणून कर." मुलीला मात्र छंदाचाही हिशोब द्यावा लागतो.

तिची खरी अडचण पैशाची नाहीच. ती मला म्हणाली, "मामा, नियम सगळे पाठ आहेत मले. पण मॅच कोणी देऊनच नाही राहिलं." मुलींच्या सामन्यात तिला बोलावतात, मुलांच्या सामन्यात लाइनवर झेंडा देतात, आणि शिट्टीची वेळ आली की एखादे सर पुढे होतात. कोणी वाईट नाही त्यात. सगळे प्रेमानं म्हणतात, "अगं, पोरं दांडगी आहेत, तुला त्रास होईल." काळजीच्या कापडात गुंडाळलेला नकार हा आपल्याकडचा सगळ्यात जुना नकार.

म्हणून माझं मागणं अगदी छोटं आहे. विश्वचषक वगैरे राहू द्या. पावसाळ्यात सुब्रतो चषकाच्या शालेय फेऱ्या होतात. त्या तालुक्यात, जिल्ह्यात लहान गटातल्या मुलांचे सामने मुलींना घेऊ द्या. शिट्टी द्या आणि बाजूला व्हा. कपडे बदलायला एक खोली, संध्याकाळी घरी पोचायची सोय आणि मानधन त्याच दिवशी हातात, एवढं केलं तर मुली येतील. चौदा वर्षांच्या पोरानं एकदा ताईच्या शिट्टीवर पाय थांबवला की त्याच्या अंगात ते मुरतं. पुढे तोच पोरगा कुठल्यातरी कचेरीत बसेल, कुठल्यातरी ग्रामसभेत बसेल, कोणाचा तरी नवरा होईल. तेव्हा बाईनं "नाही" म्हटल्यावर थांबायचं असतं हे त्याला वेगळं शिकवावं लागणार नाही.

आजीला मी हेच सांगितलं. पोरं ऐकतील का, हे शिट्टी वाजवल्याशिवाय कसं कळणार? आजी थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मंग जोरात वाजव म्हणा." असो. नातेवाइकांपैकी ज्यांच्या ओळखी शाळांच्या मैदानांपर्यंत पोचतात त्यांनी हे वाचून नुसतं छान म्हणू नये. एक सामना मिळवून द्यावा.